मृणालीची पीडीएफ

(भिवंडी, नारपोली. निशाचं टायपिंगचं दुकान. एप्रिलची दुपार. वीज आत्ताच आली आहे.)

निशा : हे बघ, हे तुझं पहिलं वाक्य. पुण्याच्या शाळेत त्यांना असं दिसलंय.

रंजिता : हे माझं न्हाय, ताई.

निशा : तुझंच आहे.

रंजिता : मी इंग्रजीत कवा बोलले?

निशा : इंग्रजी नाहीये ते. एक ए, डोक्यावर टोपी. मग टक्क्याची खूण. मग दोन कंस. ही कुठलीच भाषा नाही.

रंजिता : मी सांगितलं, ‘माझी मुलगी मृणाली हिला ऐकू येत नाही.’ तुमी टाईप केलं. मी वाचून बगितलं, मराठीत होतं. तीन पानं होती.

निशा : इथे अजून मराठीतच आहे. तिकडे जाऊन असं झालं. त्यांची मेल परवा रात्री आलीय, काल दिवसभर लाइट नव्हती म्हणून आज उघडली. वाचते, ऐक. ‘आपला अर्ज पोस्टाने मिळाला. मात्र ईमेलने पाठवलेले आईचे मनोगत वाचता येत नाही. कृपया ते पीडीएफ स्वरूपात दिनांक नऊ, सायंकाळी पाचपर्यंत पाठवावे.’

रंजिता : नऊ म्हंजे?

निशा : आज.

रंजिता : फुडं काय हाय? तुमी थांबलात.

निशा : ‘मुलीचे वय पाहता पुढील वर्षी तिचा विचार करता येणार नाही.’

रंजिता : भादव्यात पाच पुरी होतील तिला.

निशा : पाचच्या आतच घेतात ते. बोलायला शिकवायचं तर लवकर लागतं म्हणे. मी फोन केला आत्ता. क्लार्क होता. म्हणाला, पाचला मॅडम यादी बंद करतात, उद्या समिती बसते.

रंजिता : मंग फोनवरच सांगते ना मी त्यांना. मला पाठ हाय सगळं.

निशा : मीपण तेच विचारलं. समितीपुढे कागद लागतो म्हणाला. घाबरू नको, पावणेतीन होतायत. पीडीएफला अर्धा मिनिट लागतं.

रंजिता : ते काय असतं?

निशा : कसं सांगू. तुझ्या नवऱ्याच्या, विशालभाऊंच्या लूमवर किनारीला डिझाइन काढायची असली तर वरती साखळी लावतात ना?

रंजिता : डॉबीची. हां.

निशा : तेच सूत दुसऱ्याच्या लूमवर चढवलं, आणि तिथे ती साखळीच नसली तर?

रंजिता : तर काय, गुतवळ निघंल.

निशा : हे बघ गुतवळ. आपला मराठी फॉन्ट म्हणजे ती साखळी. ती पुण्यात नाही. मी त्यांना नुसतं सूत पाठवलं. पीडीएफ म्हणजे विणून, घडी घालून कापडच पाठवायचं. कुठेही उघडा, फूल तेच दिसतं.

रंजिता : मंग त्या दिवशीच कापड का न्हाय पाठवलं, ताई?

निशा : चुकले मी.

रंजिता : तसं न्हाय म्हनत.

निशा : नाही, चुकलेच. बाळाला, भाविकला ताप होता, घरी जायची घाई. म्हटलं शाळा पुण्याची, मराठी फॉन्ट असणारच. थांब, आत्ता करते. फाइल... सेव्ह... अगं, हे कुठे गेलं?

रंजिता : काय?

निशा : बटण. इथे पीडीएफ म्हणून असायचं. परवापर्यंत होतं. हे सगळं रूपच बदललंय. देवेशभावोजी. ओ देवेशभावोजी, जरा बाहेर या.

देवेश : आलो. जेवत होतो, वहिनी. मांदेलीत काटे असतात, घाई करू नये.

निशा : काल रात्री लाइट आल्यावर या मशीनला काय केलंत?

देवेश : नवीन सॉफ्टवेअर टाकलं. सरप्राइज. जुनं किती रडायचं. आता बघा, वरती कशी निळी पट्टी आलीय, एकदम चकाचक.

निशा : चकाचक आहे. पीडीएफचं बटण कुठाय?

देवेश : असेल ना तिथंच. सरका जरा. सेव्ह अ‍ॅज... खाली... नाय. प्रिंटमध्ये असेल. नाय. हे काय लफडं आहे.

निशा : मी विचारतेय ते.

देवेश : आठवलं. आधी जी ट्रायलची कॉपी आपण वापरायचो ना, तिच्यात होतं. पक्की कॉपी बाजारात आली तिच्यातून कंपनीनं काढून टाकलं. मोठ्यांची भांडणं आहेत, वहिनी. दुसऱ्या कंपनीनं सांगितलं, पीडीएफ आमची, तुम्ही फुकट वाटायची नाय.

रंजिता : त्या कंपनीला फोन न्हाय लावता येत?

देवेश : अमेरिकेत आहे ती, ताई.

रंजिता : मंग आता तिकडं रात आसंल.

निशा : काढलं म्हणजे कायमचं काढलं?

देवेश : नाय, त्यांच्या साइटवरून वेगळं उतरवता येतं. जोडायचं आणि बटण परत.

निशा : मग उतरवा.

देवेश : उतरवायच्या आधी साइट विचारते, तुमची कॉपी खरी, विकत घेतलेली आहे का.

निशा : मग?

देवेश : वहिनी, लोकांसमोर लाजवू नका.

निशा : जुनंच परत टाका.

देवेश : त्याची सीडी शेजारच्या दौलतकाकांनी नेलीय. ते हळदीला गेलेत कोनगावला. डीजे चालू असेल, फोन नाय उचलणार. लावला मी आत्ता, रिंग जाते नुसती.

निशा : शेजारी न्यायची फाइल? त्या मोबाइलवाल्याकडे जुनं आहे.

देवेश : फॉन्ट? आपला मराठी फॉन्ट याच मशीनवर चालतो. तिकडे उघडलं की परत टोपीवाला ए.

रंजिता : ताई, मी जाऊ का? कागद घेऊन. आत्ता एसटी धरली तर?

निशा : कल्याणला जाऊन पुण्याची गाडी पकडायची. पोचेपर्यंत आठ वाजतील गं.

रंजिता : आठला बंद आसंल.

निशा : हो.

रंजिता : मंग काय करायचं सांगा. मी करते. मला त्या मशीनमधलं काय कळत न्हाय, बाकी तुमी म्हनाल ते करते.

देवेश : ऐका, एक काम करतो. तीन पानांची प्रिंट काढतो. अंजूरफाट्याच्या फोटोवाल्याकडे स्कॅनर आहे. स्कॅन म्हणजे पानाचा फोटोच. फोटोत फॉन्ट कुठे बिघडतो? तो फोटो पीडीएफमध्ये बसवून तिथूनच पाठवतो. वीस मिनिटं.

निशा : बाइकमध्ये पेट्रोल आहे?

देवेश : आहे. हात धुतो फक्त.

निशा : तसेच जा. प्रिंटला मांदेलीचा वास लागला तरी चालेल, पुण्यात जाणार नाही.

रंजिता : हसवू नका, ताई.

निशा : बस इथे. पाणी घे. मृणाली कुठेय?

रंजिता : माझ्या आईकडं. गावाहून आलीय ती दोन दिस. पोरीला घेऊन बसलीय.

निशा : हळू बोल हां जरा. भाविक झोपलाय आत, पाळण्यात.

रंजिता : दिसला. हात डोक्यावर ठिवून झोपलाय, म्हाताऱ्यावानी.

निशा : बाबांसारखा झोपतो. झालं, वाजला कंटेनरचा भोंगा. पूर्णा गावच्या गोडाऊनच्या गाड्या सगळ्या याच गल्लीतून काढतात. ओ ओ, काही नाही, काही नाही बाळा.

रंजिता : दचकला.

निशा : रोजचंच आहे. आत्ता झोपेल परत.

रंजिता : भोंगा वाजला, आन तवाच दचकला. लगेच. आधी डोळं मिटलेलंच होतं, हात उडाले.

निशा : रंजिता.

रंजिता : मी नुसतं बगत होते. तुमचा बाळ हाय म्हनून न्हाय. कसं दचकतात ते मला ठाव नव्हतं. मला वाटायचं, मृणाली दचकते ते तसंच.

निशा : त्या दिवशी तू सांगितलंस ते मी भराभर टाईप केलं. नीट विचारलंच नाही. लूम थांबली की उठायची ना?

रंजिता : आमची मागची भिंत आन लूमची भिंत एकच हाय. चौवीस लूम. चालू आसल्या की सगळं घर थरथरतं. ताटली ठिवली तर सरकत जाते. तान्ही होती तवापासनं त्या थरथरीत ती गाढ झोपायची. आन लाइट गेली, लूम थांबल्या, की चटकन डोळं उघडायची. रडायची. शेजारीन म्हनायची, पोरीचा कान तिखट हाय, आवाज थांबला तरी कळतो.

निशा : जमिनीतून कळायचं तिला.

रंजिता : पाठीतनं. डॉक्टरनं सांगितलं तवा कळलं. तिनं आवाज कवा ऐकलाच नव्हता.

निशा : पण हाक मारल्यावर? मागून?

रंजिता : लूमवाल्यांच्या घरात हाक कोन मारतं, ताई? मारली तर ऐकू कुनाला जाते? तिचे पप्पा बारा तासांची शिफ्ट करून येतात, घरीबी हातानंच मागतात. पानी आसं. भाकर आशी. बस म्हनून आसं. पोरगी सगळं बरोबर आनून द्यायची. आमी म्हनायचो, किती हुशार. बोलत न्हाय आजून, पन कळतं सगळं. आमच्या गल्लीत पोरं उशिराच बोलतात.

निशा : मग कळलं कसं?

रंजिता : आईला कळलं. होळीला गावाला गेलो होतो, तवा पोर अडीचची. तिकडं लूम न्हाय, काय न्हाय, शांत. आईनं मागनं पितळेची परात टाकली. मुद्दाम. पोरगी खेळत होती, खेळतच ऱ्हायली. आई म्हनली, रंजे, हिला ऐकू येत न्हाय. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, तुला माझी पोर चांगली बगवत न्हाय. तशीच निगून आले. वरीस दीड वरीस गेले न्हाय माहेराला.

निशा : आणि मग?

रंजिता : मंग गेल्या दिवाळीत मालकानं आठ दिस लूम बंद ठिवल्या. दारात सुतळी बॉम्ब लावला पोरांनी. सगळी कानावर हात घेऊन पळाली. ही तिथंच उभी, फुलबाजी धरून. धूर बगत.

निशा : अगं.

रंजिता : दीड वरीस, ताई. आईनं सांगितलं तवाच ऐकलं आसतं तर आज ही घाई नसती. मशीन चालू नसतं तरी चाललं आसतं. आलं का काय त्यांचं? फोन वाजतोय तुमचा.

निशा : हां, बोला भावोजी... किती?... मग कमी करा ना साइज... असं. बरं. या तुम्ही.

रंजिता : न्हाय झालं.

निशा : तीन पानांचा फोटो फार मोठा झाला. एकेक पान वेगळं पाठवलं तरी शाळेच्या मेलनं परत पाठवलं, एवढं घेत नाही म्हणून. लहान केला तर मात्रा-वेलांट्या पुसल्या गेल्या. ‘मुलगी’चं ‘मलग’ दिसतंय म्हणाले.

रंजिता : किती वाजले?

निशा : साडेतीन. पाच कमी.

रंजिता : ताई, तुमी मला फसवत न्हाय ना? म्हंजे, व्हनार नसंल तर सांगून टाका. मी तशी घरी जाते.

निशा : मला माहीत नाही गं. खरंच माहीत नाही. या मशीनवर बसून मी लग्नाच्या पत्रिका करते, पावत्या करते. बटण दाबलं की व्हायचं. आत काय होतं ते मला कधी कळलं नाही.

देवेश : आलो. ऐका, त्या फोटोवाल्यानं एक सांगितलं. फुकटचं एक सॉफ्टवेअर मिळतं. ते खोटा प्रिंटर बनून बसतं.

निशा : खोटा?

देवेश : प्रिंटर नसतोच. पण मशीनला वाटतं आहे. आपण प्रिंट मारायची, कागदावर नाय येत, पीडीएफ होऊन येते. बटणाची गरजच नाय. उतरवतो आता. बघा, वीस मिनिटं दाखवतोय. नेट आज बैलगाडी आहे.

रंजिता : लाइट जाईल का मधी?

देवेश : सांगितलंय साडेपाचला जाणार.

निशा : सांगितलं तसं कधी गेलीय?

देवेश : वहिनी, शुभ बोला.

रंजिता : ते हिरवं सरकतंय तेच का?

देवेश : तेच. तुम्ही बघत बसलात तर हळू सरकेल. चहा सांगू?

रंजिता : नको.

निशा : सांगा. तिच्यासाठी पण सांगा... भावोजी, हे खाली काय लिहिलंय? इंग्रजीत, बारीक.

देवेश : कुठे? हां. ‘फुकटच्या कॉपीत फक्त एक पान.’

निशा : एक पान म्हणजे?

देवेश : एका फाइलचं पहिलं पान करणार. पुढची कोरी सोडणार.

निशा : मग तीन वेगळ्या फाइली करू. एक एक पान.

देवेश : एका मशीनवर एकदाच चालतं. दुसऱ्यांदा पैसे भरा म्हणतं, कार्डानं. आपल्याकडे कार्ड कुठाय?

रंजिता : म्हंजे तीन पानांचं एक करायचं.

निशा : अक्षर लहान करून बघते. नऊ. आठ. नाही, दहालाही जोडाक्षरं चिकटतायत. अकराच्या खाली नको. अकराला सव्वा दोन पानं होतायत.

रंजिता : मंग सव्वा पान काढायचं. वाचा तुमी. मी सांगते काय काढायचं.

निशा : ‘मृणालीचा जन्म सरकारी दवाखान्यात झाला. वजन सव्वादोन किलो. तिचं नाव तिथल्या सिस्टरने ठेवलं.’

रंजिता : सिस्टर काढा. चांगली होती बिचारी, पन काढा.

निशा : ‘तिच्या वडिलांना नाव नीट उच्चारता येत नाही, ते मुर्नाली म्हणतात.’

देवेश : हे कशाला टाकलं होतं?

रंजिता : हसतील जरा म्हनून. काढा.

निशा : ‘ती चपला जोडीनं लावते. घरातल्या, शेजारच्या, कोणाच्याही. पाहुणे आले की आधी त्यांच्या चपला सरळ करते.’

रंजिता : काढा.

निशा : हे राहू दे ना.

रंजिता : किती वळी हायेत त्या?

निशा : दोन.

रंजिता : काढा.

निशा : ‘झोपताना तिला माझ्या कानाची पाळी धरायला लागते. दुसऱ्या कोणाची चालत नाही. पाळी सुटली तर झोपेत हात फिरवून शोधते.’

रंजिता : हां.

निशा : हे मी काढणार नाही.

रंजिता : ताई, मॅडमला त्याचं काय. ते मी तोंडी सांगीन, ते लोक पोरीला घ्यायला येतील तवा.

निशा : घ्यायला कोणी येत नाही, रंजिता. आपणच नेऊन सोडायचं असतं.

रंजिता : मंग सोडतानी सांगीन. रात्री तिच्याजवळ कोन झोपनार, ते बगून त्या बाईलाच सांगीन. काढा.

देवेश : अजून चौदा ओळी जास्त आहेत. माझं ऐकाल? ही लूमची गोष्ट काढा पूर्ण. भिंत, थरथर, परात, बॉम्ब. बरोब्बर चौदा होतात. शाळेला काय करायचंय लूमशी? उलट आईनं सांगितलं आणि ऐकलं नाय, असं लिहिलंत तर त्यांना वाटेल आईबाप बेफिकीर. अशांची पोर कोण घेईल?

निशा : तसं त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही.

रंजिता : ते न्हाय काढायचं.

देवेश : तुमच्याच भल्याचं सांगतोय.

रंजिता : कळतंय, दादा. पन ते काढलं तर मंग मी काय सांगितलं? पोर हाय, ऐकू येत न्हाय, घ्या. आसं तर कुनीबी लिवील. आमी चार वर्सं तिला ऐकू येतं समजून वागलो. ती आमच्यासंगं नीट ऱ्हायली. तिनं समदं सांबाळून घेतलं. तेवढं तरी त्यांना कळू दे. दुसरं कायबी काढा.

निशा : दुसरं फारसं उरलं नाहीये. दवाखान्याचे कागद आहेत, ते पोस्टानं गेलेच आहेत. ते काढते. पाच ओळी गेल्या. तुझं शिक्षण, विशालभाऊंचं शिक्षण, फॉर्ममध्ये आहे. तीन. ‘आपली नम्र’ च्या वरचं सगळं आभार वगैरे. दोन.

देवेश : आभार काढताय? राग येईल त्यांना.

निशा : पान बसू दे आधी, मग राग. अजून चार.

रंजिता : ह्या शेवटच्या दोन वळींत काय हाय?

निशा : ‘मृणालीला शाळेच्या वसतिगृहात ठेवण्यास आणि सुट्टीखेरीज न भेटण्यास आई म्हणून माझी पूर्ण संमती आहे.’

रंजिता : ती काढता येत न्हाय?

निशा : ती काढली तर अर्जच राहत नाही.

रंजिता : न्हाय, विचारलं आपलं.

निशा : समास कमी करते दोन्ही बाजूंनी. कडेला अगदी चिकटतंय, पण बसेल. बसलं. खाली सहीपुरती जागा राहिली.

देवेश : इकडेपण उतरलं. चार पंधरा. थांबा, टाकतो. पुढे, पुढे, हो, पुढे. झालं. वहिनी, आता प्रिंट मारा. प्रिंटरचं नाव विचारेल, हे खालचं निवडा. एकदाच मिळणार आहे हां, आधी नीट बघून घ्या.

निशा : मारू?

रंजिता : मारा.

देवेश : नका मारू. थांबा. आधी नमुना दाखवतो तो, बघा. हे काय झालं? ‘माझी मुलगी’, मग चौकोन, मग ‘णाली’.

निशा : ‘मृ’ उडाला.

रंजिता : म्हंजे?

निशा : आपल्या फॉन्टमध्ये ‘मृ’ ज्या जागेवर बसवलाय, ती जागा या खोट्या प्रिंटरला दिसत नाही. म्हणून रिकामा चौकोन टाकला त्यानं. बाकी सगळं आलंय. परात आली, भिंत आली.

रंजिता : तिचं नावच न्हाय आलं.

देवेश : पेननं लिहिता नाय येत का? नाय, कागदच नाय. काय बोलतोय मी.

रंजिता : ‘पोरगी’ लिवा सगळीकडं.

निशा : फॉर्मवर मृणाली आहे. इथे नावच नसलं तर कोणाचं मनोगत म्हणून फायलीला लावणार? कुठेतरी एकदा तरी नाव हवं.

रंजिता : पन तुमीच म्हनता ते अक्षर येत न्हाय.

निशा : ‘मृ’ येत नाही. ‘मु’ येतो. रफार येतोय, ‘वर्ष’ नीट दिसतंय. म्हणजे...

रंजिता : मुर्नाली.

देवेश : बापाचा उच्चार.

निशा : कंसात लिहिते, ‘घरी मुर्नाली म्हणतात’. म्हणजे चूक वाटणार नाही. नमुना बघा आता.

देवेश : आलं. स्वच्छ.

रंजिता : त्यांना सांगीन रात्री. म्हनीन, तुमचंच बरोबर होतं.

निशा : मारते. ...झाली. देवेशभावोजी, उघडा. उघडली ना? रंजिता, ये इकडे, वाच एकदा शेवटपर्यंत.

रंजिता : मराठीत हाय.

निशा : तिकडेही मराठीतच राहील.

रंजिता : आन हे खाली काय आलं? पट्टीवर, इंग्रजीत. आपन न्हाय घातलं.

देवेश : ते त्यांचं. ‘ही फाइल फुकटच्या कॉपीवर बनवली आहे, सगळी पानं हवी असतील तर विकत घ्या.’ शिक्का असतो.

रंजिता : तेबी मॅडमला जानार?

देवेश : जाणार. ते निघत नाय.

रंजिता : आपलं काढलं ते निगालं. त्यांचं निगत न्हाय.

निशा : पाठवतेय. पत्ता बरोबर. विषय... काय लिहू विषयात?

देवेश : ‘अर्जंट’ लिहा.

निशा : ‘मृणालीच्या आईचे मनोगत’ लिहिते. गेली. चार बेचाळीस.

रंजिता : गेली म्हंजे पोचली?

निशा : इथून गेली. तिकडे पोचली का ते फोन करून विचारते. भावोजी, भाविक उठलाय बघा, जरा घ्या त्याला. हॅलो? हॅलो, मी भिवंडीहून बोलतेय, दुपारी केला होता फोन. पीडीएफ पाठवलीय आत्ता... हो, एकच पान आहे... हो, तेवढंच... थांबते.

रंजिता : काय म्हनतात?

निशा : क्लार्क म्हणाला, मॅडम स्वतःच बसल्यात मेलवर. त्यांना देतो. ...नमस्कार मॅडम. नाही, मी आई नाही, मी टायपिंगवाली. आई इथे शेजारी आहे. ...हो. ...हो का? बरं. बरं, थांबते ना.

रंजिता : उघडलं?

निशा : उघडलं. अक्षरं दिसतायत म्हणाल्या. ‘फोन ठेवू नका’ म्हणाल्या.

रंजिता : का?

निशा : नाही सांगितलं.

देवेश : किती जागा आहेत ते विचारा.

निशा : श्श.

रंजिता : काय बोलतायत आता?

निशा : काही नाही. वाचतायत.

रंजिता : कट झाला आसंल.

निशा : नाही. पंख्याचा आवाज येतोय.

रंजिता : आजून वाचतायत?

निशा : अजून.

रंजिता : एकच तर पान हाय, ताई.